घरकुलाआधीची जागा : महाराष्ट्रातील नियोजन कायदे आणि परवडणाऱ्या घरांचा इतिहास (१८९८ ते २०२५)

प्रस्तावना

विदर्भातील खेड्यांत 'घरकुल' हा शब्द आज एका शासकीय योजनेचे नाव म्हणून वापरला जातो. 'घर बांधले' आणि 'घरकुल आले' या दोन वाक्यांत लोक स्पष्ट भेद करतात. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब व आसपासच्या गावांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लाभार्थ्यांची यादी लागली, की त्यावर दोन प्रश्न उभे राहतात. यादीत नाव आहे काय, हा पहिला. आणि जागा कोठे आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. निवडीचे निकष, वशिलेबाजी, हप्त्यांची दिरंगाई, अपूर्ण बांधकामे हे विषय वृत्तपत्रांना आणि शोधनिबंधांना परिचित आहेत. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत गरिबांच्या निवाऱ्यासाठी जे कायदे झाले, त्यांत जागा आधी मोकळी करून देणारे उपाय वेळोवेळी पुढे आले आणि वेळोवेळी मागे पडले. टिकून राहिले ते दोनच उपाय : बांधकामासाठी पैसा देणे, आणि विनापरवाना उभे राहिलेले घर नंतर नियमित करणे. हे असे का घडले, याचे उत्तर नियोजनाच्या कायद्यांइतकेच जमीन महसुलाच्या कायद्यांत शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पांढरी आणि काळी

आपल्या ग्रामव्यवस्थेत गावाच्या जमिनीचे 'पांढरी' व 'काळी' असे दोन भाग मानले जात. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे कसण्याची. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला, आणि १८६० नंतरच्या दशकांत येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव बदलले. मोजणीखात्याने काळीचे सर्व्हे नंबर पाडले, हद्दीचे दगड रोवले, प्रत्येक नंबरावर आकार बसविला. पांढरीभोवती एक रेषा ओढली आणि आतली जागा आकारणीतून वगळली. गावठाण या नावाने आज ओळखली जाणारी हद्द अनेक गावांत मुळात त्याच रेषेची आहे.

मोजणी अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ती रेषा महसुलाच्या सोयीची होती. उद्या गाव किती वाढेल, याचा विचार करण्याचे त्यांना कारण नव्हते. परंतु त्याच काळात वऱ्हाडात कापसाचे पीक बाजाराशी जोडले गेले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, बाजारपेठा व पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापी रेल्वे यांमुळे मजुरांची ये-जा वाढली. आलेला मजूर गावातच स्थिरावला, तर त्याने घर बांधावे कोठे? गावठाणात जागा नाही. शेतात बांधावे तर शेत दुसऱ्याचे. उरते ती सरकारी पडीक जमीन. वऱ्हाडात जनावरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीला आजही 'ई-क्लास' म्हणतात, आणि गावाच्या कडेची कुडाची, टिनाची घरे बहुतेक याच जमिनीवर आढळतात. 'अतिक्रमण' हा शब्द आपण आज सहजपणे वापरतो. त्यामागे दीडशे वर्षांपूर्वी आखलेली आणि फार क्वचित हललेली एक रेषा आहे, हे ध्यानात घेतले जात नाही.

मुंबईचा प्रयोग आणि वऱ्हाडची अनुपस्थिती

याच सुमारास मुंबईत वेगळे प्रश्न उभे होते. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे व नवी जमीन विकसित करणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही ट्रस्टची देणगी होय. मात्र ज्यांची घरे पाडली गेली, त्यांपैकी थोड्यांनाच ट्रस्टच्या चाळींत जागा मिळाली. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली मुंबई विकास विभाग निघाला. ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडण्यात आला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी, म्हणजे सुमारे १६ हजार खोल्या उभ्या राहिल्या. खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट. या बीडीडी चाळींचा पुनर्विकास आज एका शतकानंतर चालू आहे.

या दोन्ही प्रयोगांपेक्षा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९१५ चा मुंबई नगररचना कायदा. इंग्लंडमध्ये १९०९ साली निवास व नगरनियोजन यांचा एकत्रित कायदा झाला होता. त्याच्या प्रभावाखाली भारतातील हा पहिला नगररचना कायदा झाला. त्यातील 'नगररचना योजना' ही कल्पना आजही विचारात घेण्याजोगी आहे. एका भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करावयाच्या, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या, आणि उरलेली जमीन नीट आकाराच्या 'अंतिम भूखंडां'च्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची. जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीतून विकासाचा खर्च काढावयाचा. सक्तीचे भूसंपादन नाही, कोर्टकचेरी कमी, आणि शहर वाढण्याच्या आधी रस्ता आखलेला. नेमके हेच साधन वऱ्हाडच्या वाट्याला आले नाही. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते. त्या प्रांतात १९३६ च्या कायद्याने सुधार प्रन्यास मिळाला तो नागपूर शहराला. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी यांसारखी कापसावर वाढलेली ठिकाणे नगररचनेच्या कायद्याविनाच वाढत राहिली.

१९६६ चे दोन कायदे

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाच्या घरबांधणी योजना एकापाठोपाठ एक आल्या. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी, १९५४ साली अल्प उत्पन्न गटासाठी, १९५७ साली ग्रामीण गृहनिर्माणासाठी. मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथे विदर्भ गृहनिर्माण मंडळ काम करू लागले. ५ डिसेंबर १९७७ रोजी ते इतर मंडळांसह 'म्हाडा'त विलीन झाले. आज यवतमाळ जिल्हा म्हाडाच्या अमरावती मंडळाच्या कार्यक्षेत्रात येतो. या मंडळांनी शहरांत वसाहती बांधल्या, नोकरदार मध्यमवर्गाला त्यांचा मोठा आधार झाला. खेड्यातील भूमिहीन त्यांच्या कक्षेत क्वचितच आला.

खरी महत्त्वाची घटना १९६६ सालची आहे. त्या वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम असे दोन कायदे झाले. पहिला ११ जानेवारी १९६७ रोजी अंमलात आला, दुसरा १५ ऑगस्ट १९६७ रोजी. आपल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत पहिला कायदा भूगोल व लोकप्रशासनाकडे जातो आणि दुसरा कायदा कोणाकडेच जात नाही. दोन्ही एकत्र वाचले, तरच घराच्या प्रश्नाचे स्वरूप उलगडते.

नगररचना अधिनियमाने प्रादेशिक योजना, विकास योजना व नगररचना योजना अशी तिहेरी रचना केली. कागदावर ती अत्यंत सुसंगत आहे. व्यवहारात भर पडला तो विकास योजनेवर. नगरपालिकेने वीस वर्षांचा नकाशा करावयाचा, त्यावर शाळा, बाग, दुर्बल घटकांची घरे अशी आरक्षणे टाकावयाची, आणि पुढे पैसा मिळेल तेव्हा जमीन संपादन करावयाची. कलम १२७ अन्वये ठरावीक मुदतीत, मूळ तरतुदीनुसार दहा वर्षांत, जमीन संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊन आरक्षण व्यपगत करून घेऊ शकतो. लहान नगरपालिकांकडे संपादनासाठी पैसा कधीच नव्हता. त्यामुळे नकाशावर गरिबांच्या घरांसाठी रंगविलेली जागा पुढे मालकाकडे परत गेल्याची उदाहरणे विपुल आहेत. येथे गुजरातशी तुलना उद्बोधक ठरते. १९१५ व १९५४ च्या मुंबई कायद्यांचा वारसा दोन्ही राज्यांना सारखाच मिळाला. गुजरातने १९७६ च्या स्वतंत्र कायद्यात नगररचना योजना हे प्रमुख साधन म्हणून जपले आणि अहमदाबादचा विस्तार बव्हंशी त्या मार्गाने झाला. महाराष्ट्राने ते कायद्यात ठेवले, वापरात जवळजवळ सोडून दिले. अलीकडे सिडकोच्या नैना क्षेत्रात आणि पुणे महानगर प्रदेशात ते पुन्हा हाती घेतले गेले आहे.

खेड्यांना विकास योजना लागू नव्हती. त्यांचा कारभार जमीन महसूल अधिनियमावर चालला. या अधिनियमाच्या कलम १२२ ने गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला, आणि कलम ४४ ने शेतजमीन बिगरशेतीकडे वळविण्यासाठी त्यांची परवानगी आवश्यक केली. याला जोड मिळाली तुकडेबंदी कायद्याची. १९४७ चा हा मुंबई कायदा शेतीचे तुकडे होऊ नयेत या चांगल्या हेतूने झाला होता. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी-विक्री त्याने निषिद्ध ठरविली. सुधारित अधिसूचनेनुसार २०२३ पासून हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे आहे.

आता एका शेतमजुराचा विचार करू. त्याला घरासाठी ५०० चौरस फूट, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून किंचितच कमी जागा हवी आहे. गावठाणात ती शिल्लक नाही. गावालगतच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, तर तुकडेबंदीमुळे खरेदीखत नोंदत नाही. शेतकऱ्याने आधी अकृषक परवानगी काढून रीतसर ले-आऊट पाडावा, तर मोजणी, मंजुरी, रस्ते व मोकळी जागा यांच्या खर्चाने प्लॉटची किंमत मजुराच्या आवाक्याबाहेर जाते. सरकारी जागा घ्यावी, तर ते अतिक्रमण. प्रत्येक कायदा स्वतंत्रपणे पाहिला तर त्यामागे योग्य कारण आहे. तिन्ही एकत्र आले की गरिबाला परवडेल एवढ्या आकाराचा कायदेशीर भूखंड निर्माणच होऊ शकत नाही. साध्या कागदावर वा शंभराच्या मुद्रांकावर होणारे गुंठ्यांचे व्यवहार आणि नंतर ग्रामपंचायतीच्या 'नमुना ८' मध्ये करून घेतलेली घराची नोंद, ही या परिस्थितीतून लोकांनी काढलेली वाट आहे. तिला केवळ बेशिस्त म्हणणे प्रस्तुत लेखकास पटत नाही.

जागा देण्याचा अल्पकाळ

जागा आधी देण्याचा विचार शासनाला सुचलाच नाही, असे मात्र नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये केंद्र शासनाने ग्रामीण भूमिहीन मजुरांना घराची जागा देण्याची योजना सुरू केली. पाचव्या पंचवार्षिक योजनेत तिचा किमान गरजा कार्यक्रमात समावेश झाला, आणि १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात घरांच्या जागांचे वाटप हे एक कलम होते. आणीबाणीच्या काळातील अनेक गोष्टींबद्दल इतिहासाने कठोर निवाडा दिला आहे आणि तो योग्यच आहे. तथापि या एका कलमाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावयास हवे. महाराष्ट्रात त्याआधीची अकरा वर्षे यवतमाळ जिल्ह्याचेच सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि जिल्हा परिषदांची यंत्रणा १९६२ पासून खेड्यापर्यंत पोहोचली होती. गावठाण विस्ताराचे काम या यंत्रणेमुळे शक्य झाले.

या कार्यक्रमाच्या मर्यादाही उघड होत्या. मिळालेली जागा पुष्कळदा नाल्याकाठची, गावापासून दूरची, रस्ता व पाणी नसलेली असे. गावाच्या मुख्य वस्तीपासून दलित व भटक्या कुटुंबांचे अंतर या 'नव्या वस्त्यां'नी कमी केले नाही, काही ठिकाणी ते पक्के केले. तरीही त्या जागेचा एक कागद कुटुंबाच्या हाती होता. त्यावर पुढे त्या कुटुंबाने कवेलूचे, मग टिनाचे, मग स्लॅबचे घर स्वतःच्या गतीने उभे केले.

१९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली आणि भर जागेवरून बांधकामावर सरकला. ही योजना आधी ग्रामीण रोजगार कार्यक्रमाचा भाग होती, १९९६ पासून स्वतंत्र झाली. अनुदान, हप्ते, छायाचित्र, पूर्णत्वाचा दाखला ही तिची भाषा. हे स्थित्यंतर प्रशासनाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. वाटलेला पैसा आणि बांधलेली घरे मोजता येतात, उद्दिष्टाशी ताडून पाहता येतात. गावठाण वाढविण्यास जमीन संपादन, मोजणी, गावातील बड्या खातेदारांशी संघर्ष आणि अनेक वर्षे लागतात. त्याचे श्रेय कोणत्याही एका आर्थिक वर्षात दाखविता येत नाही.

शहरांत याच काळात जागेचा प्रश्न दोन वेगळ्या मार्गांनी हाताळला गेला. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा हा त्यांतील गाजलेला मार्ग. मुंबईत ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन ठेवण्यास त्याने बंदी केली. नागपूरसह राज्यातील मोठी शहरे त्याच्या कक्षेत आली. अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी येईल, अशी अपेक्षा होती. परंतु सूट देण्याची कलमे इतकी ऐसपैस होती की जमीन हाती येण्याऐवजी प्रकरणे वर्षानुवर्षे मंत्रालयात व न्यायालयात अडकली. केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला. महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला, कारण नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी मिळविण्यासाठी ती अट होती. दुसरा मार्ग कमी गाजला. १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत चारकोप, गोराई, मालवणी येथे लहान आकाराचे, रस्ता-पाणी-मलनिस्सारणासह भूखंड देण्यात आले आणि घर कुटुंबांनी बांधावे असे ठरले. आज चारकोप ही सुस्थितीतील वसाहत आहे. हा यशस्वी प्रयोग पुढे चालविला गेला नाही. त्याची जागा १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने घेतली, जीत बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र आणि झोपडीधारकाला मोफत सदनिका असा सौदा होता. ४० लाख लोकांना घरे देण्याची घोषणा झाली होती. प्रत्यक्ष काम घोषणेच्या फार मागे राहिले.

मुदतीच्या तारखा

झोपडपट्टी पुनर्वसनाने आपल्या सार्वजनिक व्यवहारात एक गोष्ट रूढ केली, ती म्हणजे पात्रतेची तारीख. १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी पात्र, नंतरची अपात्र. मग ती तारीख २००० झाली, आणि २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले. हीच पद्धत शहराबाहेर गेली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बेकायदा भूखंडांना नियमित होण्याची संधी दिली. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे आदेश २०१८ मध्ये निघाले, त्यांची तारीख १ जानेवारी २०११. तुकडेबंदीचा भंग करून झालेल्या व्यवहारांना २०२५ मध्ये जी सवलत देण्यात आली, तिचा कालावधी नोव्हेंबर १९६५ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत आहे. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे.

या सवलतींमुळे लाखो कुटुंबांना दिलासा मिळतो, आणि बेघर होण्याच्या भीतीपुढे तो दिलासा लहान मानता येणार नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने या तारखा सलग मांडून पाहाव्यात. त्यांतून राज्याच्या नियोजनाची एक रीत दिसते. जागा आधी आखून देण्याऐवजी लोकांनी स्वतः शोधलेली जागा काही वर्षांनी मान्य करावयाची, आणि पुढील तारखेपर्यंत पुन्हा डोळेझाक करावयाची. या रीतीची किंमत लोक मोजतात. रस्ता आठ फुटांचा राहतो, नाली काढावयास जागा उरत नाही, शाळेची जागा राखली जात नाही. सवलत मिळेपर्यंतच्या काळात कर्ज मिळत नाही, आणि निवडणुकीआधी कोणाच्या तरी दारी जावे लागते.

२०१५ नंतरच्या सुधारणा

गेल्या दशकात या गुंत्याची जाणीव शासनाला झाल्याची चिन्हे आहेत, हे मान्य केले पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग एप्रिल २०१६ पासून लागू झाला. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर, रोजगार हमीतून मजुरी आणि स्वच्छ भारत अभियानातून शौचालयासाठी १२ हजार, अशी तिची रचना. जागा नसलेल्या लाभार्थ्यांची अडचण लक्षात घेऊन महाराष्ट्राने २०१५ मध्येच पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना काढली होती. ५०० चौरस फूट जागेसाठी ५० हजार रुपये; पुढे ही मर्यादा १ लाखापर्यंत वाढली. जमीन महसूल अधिनियमात नव्याने घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमीन, ठरावीक रक्कम भरल्यावर, अकृषक झाल्याचे मानले जाऊ लागले. आणि मार्च २०२४ च्या नियमांनी तुकडेबंदीतून काही अपवाद दिले. त्यांत ग्रामीण घरकुलाच्या प्रत्येक लाभार्थ्यासाठी १ हजार चौरस फुटांपर्यंतच्या जागेचा अपवाद आहे. वर वर्णिलेल्या शेतमजुराच्या वाटेतील अडथळा कायद्याने प्रथमच नेमका ओळखला, तो येथे. एवढ्या महत्त्वाच्या दुरुस्तीची चर्चा शहरातील वृत्तपत्रांत फारशी झाली नाही, याचे नवल वाटावयास नको.

या सुधारणा एकमेकींना कितपत पूरक आहेत, हे तपासावयास हवे. ५०० चौरस फुटांसाठी ५० हजार म्हणजे चौरस फुटास १०० रुपये, आणि १ लाख म्हणजे २००. गावठाणालगतची २०० मीटरची जमीन अकृषक मानली जाऊ लागल्यावर तिची किंमत वाढणे स्वाभाविक आहे. रस्त्याला लागून असलेल्या बाजारगावांत ही वाढ अधिक. एक दुरुस्ती जागा कायदेशीर करते आणि त्याच वेळी तीच जागा महाग करते. अनुदानाची रक्कम मात्र शासन निर्णयात गोठलेली राहते. १९१५ च्या कायद्यात या वाढीव किमतीचा वाटा सार्वजनिक कामासाठी घेण्याची तरतूद होती. कलम ४२-ड मध्ये मालकाकडून रूपांतरणाचा कर घेतला जातो, गरिबांसाठी एक भूखंडही घेतला जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ४ हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्रकल्पांनी काही वाटा दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा अशी तरतूद आहे. पण ती १० लाख वा अधिक लोकसंख्येच्या महानगरांपुरती. दारव्ह्यात वा बोरी अरबात पडणाऱ्या ले-आऊटला ती लागू होत नाही.

इंग्लंडमध्ये २०२४ साली सत्तेवर आलेल्या सरकारने १५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवून नियोजनाचे नियम बदलावयास घेतले. तेथील वादाचा मुद्दा परवानगी लवकर कशी द्यावी हा आहे. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आहे आणि परवानग्या सुलभ करण्यावर भर आहे. मात्र खेड्यातील गरीब परवानगीच्या खिडकीपर्यंत पोहोचतच नाही. तो त्याआधीच, जागेपाशी, थांबलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातील २० लाख ग्रामीण लाभार्थ्यांना घरांची मंजुरीपत्रे एकाच कार्यक्रमात देण्यात आली, पाच ब्रास वाळू मोफत देण्याचा निर्णय झाला, राज्याने ५० हजारांची भर घातली. या सर्व गोष्टी जागा असणाऱ्याच्या उपयोगाच्या आहेत.

जागा असणे म्हणजे तरी काय, हाही प्रश्न आहे. गावठाणातील जुने घर आजोबांच्या नावावर, त्यात तीन भावांच्या तीन चुली, वाटणीपत्र नाही. घरकुल पत्नीच्या नावे वा संयुक्त नावे मंजूर व्हावे असा योजनेचा आग्रह आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु ज्या जागेवर ते बांधावयाचे, तिच्या कागदावर त्या स्त्रीचे नाव कधीच नव्हते. भावकीची संमती मिळविण्यात मंजुरीची मुदत निघून जाते. बंजारा तांडे व कोलामांचे पोड यांची स्थिती आणखी निराळी. या वस्त्या मुळातच मोजणीच्या पांढरीबाहेर वसलेल्या. त्यांच्यासाठी दोन योजनांचा उल्लेख आवश्यक आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत प्रत्येक कुटुंबास ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर अशी कल्पना आहे. म्हणजे जागा व घर एकत्र, आणि जागा घराच्या वीसपट. कोलामांसाठी २०२३ पासून प्रधानमंत्री जनमन योजनेत घराचे स्वतंत्र अनुदान आहे. पहिल्या योजनेची रचना प्रस्तुत लेखकास आजवरच्या सर्व योजनांत सर्वाधिक समंजस वाटते. तिची व्याप्ती लहान का राहिली, याचा शोध यवतमाळसारख्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयातील जागामागणीच्या नस्त्यांतून घेता येईल.

अशा शोधासाठी साधनांची उणीव नाही. गावठाण विस्ताराचे आदेश, भूमी अभिलेख कार्यालयातील जुने गावनकाशे, ग्रामपंचायतींच्या नमुना ८ च्या वह्या, अकृषक परवानग्यांच्या नोंदी ही सामग्री तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. एका गावाची पांढरी १८७० च्या नकाशात किती, १९७५ च्या विस्तारानंतर किती आणि आज प्रत्यक्ष वस्ती किती, एवढे तीन आकडे शेजारी मांडले, तरी बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतील. काम तातडीचे आहे, कारण २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. पांढरीची ही पद्धतशीर मोजणी होय. परंतु ती गावठाणाच्या हद्दीपर्यंतच आहे. हद्दीपलीकडील ई-क्लासवरच्या घरांची नोंद अनेक ठिकाणी अद्याप ग्रामपंचायतीच्या वहीत, 'अतिक्रमण' या शेऱ्यासह आहे, आणि घरपट्टी मात्र त्या घरांकडूनही दरवर्षी वसूल होते.